तेरा दिवस तीनशे नव्वद

३ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र उभ्याने वाचू नका. हातातला पाना खाली ठेवा, गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबायला सांगा आणि स्टुलावर बसा. बसलात? तुम्ही आजोबा होणार आहात! ऑगस्टच्या शेवटी, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला "मला बढती मिळाली" हे मी तीनदा घसा फोडून सांगितलं, आणि तुम्ही "सर्दी झाली तर वाफ घे" म्हणून फोन ठेवून दिलात. वर ओरडून ओरडून मलाच धाप लागली. तेव्हा आता पत्रच.

इकडे नुसता धुमाकूळ आहे. तुमच्या जावयाने आनंदाच्या भरात एका आजोबांना भलत्याच नंबरचा चष्मा दिला आणि ते "फार छान दिसतंय" म्हणत निघालेसुद्धा. पळत जाऊन परत आणावे लागले. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर, त्यांनी तासाभरात सगळ्या नातेवाइकांना बातमी पोचवली. तुम्हीच तेवढे राहिलात. "तुझ्या वडिलांना फोन लावणं म्हणजे भिंतीशी बोलणं," असं त्या म्हणतात. रागावू नका.

मी मजेत आहे. ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर फाटकी पुस्तकं शिवणं चालूच आहे. डॉक्टरीणबाईंनी दम्यासाठी एक फुंकायची नळी दिली आहे. जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा सरकतो आणि फुंकरीत किती जोर आहे ते दाखवतो. तुमच्या टायरच्या गेजची धाकटी बहीणच म्हणा ना! बघितल्याबरोबर तुमची आठवण झाली.

तुमची शिट्टी

६ फेब्रुवारी

शिट्टे,

बसून वाचलं खरं, पण वाचून ताडकन उठलो आणि वर टांगलेल्या रिमवर डोकं आपटलं. हे एवढं टेंगूळ आलंय. जो येतो त्याला टेंगूळ दाखवतो आणि कारण सांगतो. विहीणबाईंना सांग, भिंत आहे खरी, पण आनंदाने हलली.

आता कामाचं बोलू. लहानपणी तुझी छाती शिट्टी वाजवायची. तुझी आई गेल्यावर तू दिवसभर दुकानातच असायचीस. मी तुझ्या पाठीला कान लावायचो आणि शिट्टीच्या आवाजावरून ओळखायचो, औषधाने भागेल की डॉक्टरांकडे पळायचं. म्हणून तर तुझं नाव शिट्टी पडलं. कधी चुकलो नाही मी. तेव्हा कान शाबूत होते. पुढे कंप्रेसरने माझे कान खाल्ले आणि तू लग्न करून एवढी लांब जाऊन बसलीस. कान लावू तरी कुठे?

म्हणून आता आकडा पाहिजे. पत्राच्या डोक्यावर आधी त्या फुंकणीचा आकडा, मग मजकूर. बाकी "सर्व कुशल आहे" वगैरे मला नको. कुशल आहे की नाही ते मी आकड्यावरून बघेन. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, उभं राहून, तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. दुकानात टायरच्या दाबाचा फळा आहे ना, त्याच्या कोपऱ्यात मी तुझ्यासाठी चौकट आखली आहे.

आणि दुसरं. दम्याचा रोजचा तपकिरी पंप दोन्ही वेळा चालू आहे ना? धाप लागल्यावर घ्यायचा निळा पर्समध्ये आहे ना? सरळ उत्तर दे.

बाबा

२२ फेब्रुवारी

३९०

बाबा,

घ्या आकडा. डॉक्टरीणबाईंकडे माझा सगळ्यात चांगला आकडा ४२० आला होता, म्हणजे ३९० काही वाईट नाही. सोबत तेरा दिवसांचा तक्ता जोडला आहे. रेघा मी स्वतः मारल्या आहेत, बघा कशा सरळ आल्यात.

पंपांचं म्हणाल तर तपकिरी जागेवर आहे, निळा पर्समध्ये आहे. झालं समाधान?

तुमच्या जावयाने अंगावर मारायचे सुगंधी फवारे सगळे टाकून दिले, वास मला सोसत नाही म्हणून. आता ते चष्मे पुसायच्या साबणाचा वास घेऊन घरी येतात. सासूबाईंनी गालिचा उचलून गच्चीवर नेला आणि असा झोडपला की खालच्या मजल्यावरची बाई कोण भांडतंय ते बघायला वर आली. मधे मला जरा सर्दी झाली होती, दोन दिवस नाक चोंदलं. आता बरी आहे. ग्रंथालयाच्या पायऱ्या एकदम वाढल्यासारख्या वाटतात, पण पोटात माणूस घेऊन चढायचं म्हणजे तेवढं होणारच. दुसऱ्या मजल्यावर खिडकी आहे, तिथे उभी राहून मी रस्ता बघते. रहदारी फार बघण्यासारखी असते हो!

तुमची शिट्टी

२७ फेब्रुवारी

शिट्टे,

रेघा झकास. आकडे मात्र माझ्या पचनी पडले नाहीत.

तेरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, सव्वीस वेळा फुंकलंस आणि सव्वीस वेळा ३९०? अगं, मी चाळीस वर्षं गेज वापरतोय. एकाच टायरला सकाळी लावलं तर एक दाखवतं, दुपारी लावलं तर दुसरं. हवा आहे ती, लाकडाची फळी नव्हे. त्यात तुला सर्दी झाली, नाक चोंदलं, तरी काटा जागचा हलला नाही! याचा अर्थ उघड आहे. तुझ्या फुंकणीचा काटा अडकलाय.

घाबरू नकोस. आधी कोमट पाण्यात धुऊन बघ. पुसायचं नाही, झटकून उभी वाळत ठेवायची. तरीही हलला नाही तर पार्सल कर. मी उघडून बघतो. आजवर न हललेला काटा माझ्या हातून परत गेलेला नाही.

एक गंमत. फळ्यावर ३९० लिहिलंय ना, त्यावरून एक गिऱ्हाईक काल आल्या पावली परत जात होतं. म्हणे, "माझ्याआधी तीनशे नव्वद सायकली आहेत का?" मी म्हटलं, नाही हो, माझी एकच लेक आहे. तो आणखीनच गोंधळला.

बाबा

४ मार्च

३९०

बाबा,

धुतली. काटा ठीक आहे असं मला वाटतं. उगाच कशाला उघडता? पण तुम्ही ऐकणार नाही, परवा पोस्टकार्डही आलं, "फुंकणी निघाली का?" म्हणून. म्हणून पाठवते आहे. डॉक्टरीणबाईंकडे दुसरी आहे, तोवर तिथे जाऊन फुंकेन.

पार्सल मी स्वतः बांधलंय. पातळ कागदाचे सात पदर, मग पुठ्ठा, मग कापडी पट्टी. आमच्याकडे दीडशे वर्षांची पुस्तकं अशीच बांधून पाठवतात. रस्त्यात ट्रकखाली आलं तरी आतलं हलायचं नाही.

घाईत आहे.

शिट्टी

९ मार्च

शिट्टे,

पार्सल मिळालं. उघडायला अर्धा तास लागला. काय बांधलंयस पोरी! तुझ्या हाताला तोड नाही.

एवढं छान बांधलंस, की आतला काटासुद्धा जागचा हलला नाही. तू शेवटचं फुंकलंस तिथेच तो उभा होता. खाली आणायला विसरलीस.

२६० वर.

मी तो पुसला नाही, हलवला नाही. आधी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग काटा खाली आणून स्वतः फुंकलं. ४४०. पुन्हा, ४६०. तिसऱ्यांदा ४३०. शेजारच्या शिंपिणीला बोलावून फुंकायला लावलं, ३५०. काटा लोण्यासारखा सरकतो. फुंकणी ठणठणीत आहे. मग बिघाड कुठे आहे, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. "तपकिरी जागेवर आहे." वा! जागा कुठली, ते विचारायचं माझं राहिलंच. खणात ना? आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून रहदारी बघतेस! मला कान नाहीत, पण अक्कल शाबूत आहे.

मी रागावलेलो नाही. खोटं कशाला सांगू, काल रागावलो होतो. एका पोराच्या सायकलची चेन उलटी बसवली. आज फक्त भीती वाटते. फुंकणी याच पत्रासोबत परत पाठवतोय. ती हातात पडली की ग्रंथालयात जायचं नाही, घरी जायचं नाही, थेट डॉक्टरीणबाईंकडे जायचं आणि जे काय लपवलंयस ते सगळं सांगायचं. शनिवारपर्यंत खरा आकडा आला नाही, तर मी दुकानाला कुलूप लावून तिथे येईन आणि तुझ्या पाठीला कान लावून बसेन. ऐकू येवो न येवो.

बाबा

१३ मार्च

२७०

बाबा,

हा खरा आहे. डॉक्टरीणबाईंच्या समोर फुंकलाय, शेजारी त्यांची सही आहे बघा.

तुमचं पत्र मी त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्याने वाचलं. "काटासुद्धा जागचा हलला नाही" इथपर्यंत आले आणि आधी हसूच आलं, मग रडू. हसल्याने खोकला आला, रडल्याने धाप लागली. तशीच निळा पंप मारून, जरा टेकून, खाली उतरले आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले.

काय झालं ते सांगते. तपकिरी पंपाच्या खोक्यात एक चिठ्ठी असते, मुंगीएवढ्या अक्षरातली. मी ती तुमच्या जावयाच्या चष्म्याच्या दुकानातल्या भिंगाखाली वाचली. तिच्यात लिहिलं होतं, गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही, बाबा. पंपच खणात टाकला. आमच्या कामातला पहिला धडाच आहे, जुन्या पानाला गरजेपेक्षा जास्त काही लावायचं नाही, एक थेंब खळसुद्धा नाही. मला वाटलं, माझं काय व्हायचं ते होवो, बाळाला काही लागायला नको. शिट्टी पुन्हा वाजायला लागली तेव्हा विचारायची लाज वाटायला लागली. आणि तुम्हाला आकडा हवा होता. खरा लिहिला असता तर तुम्ही धावत आला असता. म्हणून एक बरासा बघून तोच लिहीत गेले. वेगवेगळे खोटे आकडे लिहायचं सुचलंच नाही. तुमची मुलगी ना मी!

डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बाळाला वेगळं नाक आहे का हो?" मी म्हटलं, नाही. "मग ते कुणाच्या नाकाने श्वास घेतं? तुम्हाला हवा कमी पडली की त्यालाही कमी पडते. या पंपातलं औषध फुप्फुसात जातं, बाळापर्यंत पोचतं ते नगण्य. धोका पंपाचा नाही, दमा मोकाट सोडण्याचा आहे." बाळाचे ठोके ऐकवले. टपटप टपटप, पाऊस पत्र्यावर पडावा तसे. सगळं ठीक आहे बाबा, सगळं ठीक आहे. मी तिथे अशी रडले, की त्यांच्या परिचारिकेने माझ्या हातात कापसाची अख्खी गुंडाळी दिली.

आता तपकिरी पुन्हा सुरू, दोन्ही वेळा, मधे मोठी नळी लावून, नंतर चूळ भरायची. थोडे दिवस गोळ्याही आहेत. चार दिवसांनी परत दाखवायचं. आणि त्यांना विचारल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही, हे मी तीनदा म्हणून दाखवलं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या तडक माझ्या खोलीत गेल्या. मग खणातून पंप काढून त्यांनी तो टेलिफोनशेजारी ठेवला. "इथून कुठलीही गोष्ट माझ्या नजरेतून सुटलेली नाही," म्हणाल्या.

मला माफ करा.

शिट्टी

१८ मार्च

शिट्टे,

माफ केलं. फळ्यावर २७० लिहिलंय. आजवरचा माझा सगळ्यात आवडता आकडा.

चेन उलटी बसवलेला पोरगा परत आला होता. सरळ करून दिली आणि वर घंटी दिली.

बाबा

२० एप्रिल

३८०, काल ३६०, परवा ४००

बाबा,

बघा कसे वरखाली नाचतायत! तुम्हाला आवडतील म्हणून तिन्ही लिहिले.

आता घरात फुंकायची साथ आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ज्याची त्याची नळी वेगळी हवी, तर जावईबापू दुसरी घेऊन आले आणि पहिल्या दमात ६१० फुंकून दोन दिवस छाती काढून फिरले. सासूबाई आधी म्हणाल्या, "मला नको असले खेळ." मग मी आंघोळीला गेले असताना स्वयंपाकघरातून फूऽऽ असा आवाज आला. २८०. त्यांना ते भारी लागलं. आता रोज सराव करतात. परवा ३१० आला तर लगेच बहिणीला फोन.

ग्रंथालयात साहेबांनी मला धुळीतून उचलून तळमजल्यावर आणलंय. मी नवी पुस्तकं शिवते, खिडकीशी टेबल आहे. रहदारी अगदी समोर दिसते, पण आता बघायला वेळ नसतो.

बाळ लाथा मारतं. तपकिरी पंप घेतल्यावर हमखास मारतं. चव आवडते की कसं, कोण जाणे.

तुमची शिट्टी

६ मे

शिट्टे,

सायकल चालवण्याचा सराव करत असेल. पायडल मारतंय म्हण.

विहीणबाईंना सांग, ३१० म्हणजे उत्तम. पण माझा ४६० आहे. माझी स्वतःची फुंकणी घेतली. शिंपीणबाईही रोज येते. फळ्यावर आता तुझ्या चौकटीशेजारी आमच्या दोन चौकटी आहेत आणि टायरच्या दाबाला जागाच उरलेली नाही. गिऱ्हाइकं विचारतात, इथे सायकल दुरुस्त होते की माणसं?

बाबा

२ जुलै

३००

बाबा,

आधी शेवटची ओळ वाचा आणि मग वर या: सगळं ठीक आहे.

सोमवारी सर्दी झाली आणि सकाळी आकडा २९० आला. पूर्वीची मी असते तर ३९० लिहून मोकळी झाले असते. या वेळी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद काढला. हिरवं, पिवळं, लाल असे तीन भाग आहेत त्याचे. मी पिवळ्यात होते. पिवळ्यात लिहिलंय तसा निळा पंप घेतला, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकलं, त्यांना फोन केला, त्यांनी बोलावून तपासलं, औषध वाढवलं. तेवढंच. मी हिरव्यात येईपर्यंत हलणार नाही म्हणून सासूबाई माझ्यामागे बसून आहेत. आज ३०० आहे आणि श्वास मोकळा वाटतोय.

मला एवढं बरं वाटलं, बाबा. वाईट आकडा लिहूनही काही बिघडत नाही, हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं.

रुग्णालयात न्यायची पिशवी भरून ठेवली आहे. दोन्ही पंप सगळ्यात वर. कळा सुरू झाल्या तरी तपकिरी चुकवायचा नाही, असं बजावलंय. जावयांनी पिशवीवर कागद चिकटवलाय: "पंप घेतले का?" स्वतःच्या चष्म्यालाही तसलाच चिकटवतील आता.

सगळं ठीक आहे.

तुमची शिट्टी

३० ऑगस्ट

शिट्टे,

तुला पत्र लिहायची गरज नाही, परवा मी येतोच आहे, हेही तुझ्या हातातच देईन. दुकानाला चाळीस वर्षांत पहिल्यांदा आठ दिवस कुलूप लागणार. पण आज झालं ते आजच लिहिलं पाहिजे, नाहीतर मी ते सांगताना रडेन आणि जावईबापूंसमोर ते बरं दिसायचं नाही.

सकाळी दहा वाजता दुकानातला फोन वाजला. म्हणजे वाजला असणार. मला शिंपिणीने दंडाला धरून दाखवला. कंप्रेसर चालू होता. मी रिसीव्हर उचलला, पलीकडे कुणीतरी बोलत होतं. विहीणबाई असणार. आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येत होता, शब्द एक कळेना. मी ओरडलो, "सर्दी झाली का?" दुकानातले सगळे हसले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आकड्याशिवाय बातमी कळायची सवयच उरली नाही ना मला.

मग तिकडे खुडबुड झाली. शिंपिणीने कंप्रेसर बंद केला. आणि ऐकू आलं.

अगं, ऐकू आलं! आधी एक हुंदका, मग श्वास आत घेतल्याचा आवाज, लांबलचक, छाती भरून घेतलेला, कुठे अडकला नाही, कुठे शिट्टी नाही. आणि मग जो टाहो फोडलाय तुझ्या लेकीने! लेकच आहे ना? मला तर तसंच वाटलं. मी रिसीव्हर कानाला असा दाबून धरला होता की अजून कान लाल आहे. किती वेळ रडली कोण जाणे. मी तिचा एकेक श्वास मोजत होतो. विहीणबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. तीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडले, पण माझा आज जोडला.

मग मधेच तुझा आवाज आला. काय म्हणालीस ते कळलं नाही. पण एका दमात म्हणालीस, मधे थांबली नाहीस. तेवढं मला कळलं, पुरे.

फळ्यावरचं सगळं पुसून टाकलं. तुझी चौकट, शिंपिणीचे ३५०, माझे ४६०, सगळं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, "आज आकडा किती?" मी म्हटलं, आज आकडा नाही. मग मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. तुम्ही ठेवाल ते ठेवा, पण या दुकानात तिचं नाव ठरलेलं आहे.

शिट्टीच्या पोटी भोंगा आलाय.

आजोबा